पाचवा दोना

हिमांशू नाशिकहून परत आला तो डोक्यावर गवती टोपी आणि खिशात पदवी घेऊन. टोपी विकतची होती, पदवीही. अडीच दिवसांचा वर्ग, शेवटी सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र आणि त्यावर लिहिलेलं की सदर व्यक्ती वाइनची पारख करू शकते. गोंदियातल्या त्याच्या कापडाच्या दुकानात जिथे आजोबांचा हार घातलेला फोटो होता, तिथे ते प्रमाणपत्र लागलं. आजोबा शर्टिंगच्या कपाटाशेजारी सरकले.

हिमांशू, अश्विन आणि मी कॉलेजपासूनचे मित्र. अश्विन विमा विकतो आणि समोर येईल ते पितो. मी योगराज, पेशाने मास्तर. नऊ वर्षं चिचगडला शिकवलं, आता अर्जुनी मोरगावला आहे. माझ्यात एक खोड आहे, ती आधीच सांगून टाकतो. कुणी फुशारकी मारायला लागला की मी त्याला अडवत नाही, उलट दोर आणखी सैल सोडतो. तो स्वतःच्याच पायात अडकून पडला की मला दोन घास जास्त जातात.

आल्या आल्या हिमांशूने मोबाइलवर एक गट काढला आणि त्याला 'वाइन सफर' असं नाव दिलं. गटात आम्ही तिघे आणि त्याची बायको डिंपल. "नाशिकवाल्यांनी द्राक्षं लावली आणि जगभर नाव कमावलं," त्याने लिहिलं, "आपल्याकडे जांभूळ आहे, सीताफळ आहे, मोह आहे. फक्त पारखी माणूस नव्हता." आता तो मिळाला होता. एप्रिलमधला एक रविवार ठरला. एका दिवसात तीन ठिकाणं बघायची, चाखायची आणि प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे. गुण द्यायचे म्हटल्यावर मला बोलावणं भागच होतं, कारण जन्मभर मी तेच करत आलोय.

पहिली दोन ठिकाणं हिमांशूने शोधली. तिसरं, चिचगडचं, मी सुचवलं. आणि इथेच माझी अक्कल शेण खायला गेली.

त्याच रविवारी दुपारी मला चिचगडला जायचंच होतं. हर्षा म्हणून माझी एक विद्यार्थिनी, आता आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. तिचं आणि देवरीकडच्या दुर्गाप्रसादचं जमलेलं. मुलगा चांगला, वनखात्यात नोकरीला. दोघांची घरं एकाच समाजाची, सगळं जुळणारं. अडला होता फक्त मुलाचा मोठा काका ईश्वरदास. त्याला दुसरी मुलगी करायची होती, म्हणून दोन वर्षं त्याने हो म्हटलं नव्हतं. मी या सोयरिकीतला मध्यस्थ. चार वेळा त्याच्या अंगणात जाऊन बसलो, चौथ्या वेळी तो म्हणाला, "येतो. पन एकच डाव येतो. पुन्यांदा येनार नाई."

त्यांच्यातली रीत साधी आहे आणि फार कडक आहे. मुलाकडचे लोक आपल्या घरची मोहाची दारू घेऊन येतात. मुलीच्या अंगणात, शेणाने सारवून पिठाचा चौक काढलेल्या जागेवर, मुलीकडची पाच माणसं बसतात. पळसाच्या पानाचे पाच दोने, म्हणजे द्रोण, भरले जातात. प्रत्येकाने आधी चार थेंब जमिनीवर सोडायचे, ते गेलेल्या माणसांचे, आणि मग दोना रिकामा करायचा. पाचही दोने पोटात गेले की मुलगी दिली. ना कागद, ना सही.

हे मला नीट ठाऊक होतं. नऊ वर्षांत अशा पाच-सहा बैठकी मी पाहिलेल्या. पण एप्रिलचं ऊन, माझी मोटरसायकल आणि चिचगडचा रस्ता, हे तीन एकत्र डोळ्यांसमोर आले आणि शेजारी हिमांशूची गार हवेची गाडी उभी राहिली. म्हटलं, एका दगडात दोन पक्षी मारू. मी गटात लिहिलं, "तिसरं ठिकाण चिचगड. तिथली मोहाची म्हणजे अस्सल. दोनच्या आत पोचायला हवं." हिमांशूने हात जोडलेलं चित्र पाठवलं.

सकाळी आठला गाडी माझ्या दारात आली. हिमांशूने पांढरा सुती शर्ट, पांढरी पँट आणि ती टोपी घातलेली. मागच्या सीटवर अश्विनच्या शेजारी डिंपल बसलेली आणि तिच्या मांडीवर पितळेची एक पिकदाणी.

"हे काय?" मी विचारलं.

"दादाजी की है," डिंपल म्हणाली. "गिर गई तो मम्मीजी मुझे घर से गिरा देंगी."

हिमांशूने खुलासा केला. वाइन चाखणारा माणूस ती पीत नाही. तोंडात घेतो, घोळवतो, दातांमधून हवा ओढतो आणि थुंकतो. गिळणारे ते गिऱ्हाईक, थुंकणारे ते जाणकार. नाशिकला त्यासाठी चकचकीत भांडी ठेवलेली असतात. आपल्याकडे कुठली, म्हणून त्याने आजोबांची पानाची पिकदाणी चिंच लावून घासून घेतली. नातवाने आपलं नाव असं राखलेलं पाहून आजोबा शर्टिंगच्या कपाटाशेजारी धन्य झाले असतील.

पहिली वाइनरी म्हणजे अर्जुनीबाहेरची एक बंद पडलेली धानगिरणी. आत निळे प्लास्टिकचे ड्रम, दारावर नवीन पाटी, आणि मालक लुंगीत. गेल्या पावसाळ्यातल्या जांभळांची त्याने वाइन केली होती आणि ती तो स्टीलच्या पेल्यातून द्यायला लागला. हिमांशूने त्याला थांबवलं. पंच्यात गुंडाळलेला आपला काचेचा पेला काढला, दोन बोटं वाइन घेतली आणि पेला गरागरा फिरवला. त्यातली निम्मी डिंपलच्या ओढणीवर गेली. उरलेलीत त्याने नाक खुपसलं आणि डोळे मिटले.

"ओली माती," तो म्हणाला. "थोडं जुनं लाकूड... आणि मागे कुठेतरी, अगदी हलका, तंबाखू."

"तो माहा हात असन जी," मालक म्हणाला. "आताच खर्रा घोटला."

अश्विन हसून हसून ड्रमला टेकला. मी हसलो नाही. गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "पण ओळखलं मात्र अचूक." हिमांशूने मान डोलावली, घोट तोंडात घेतला, गालात इकडून तिकडे नाचवला आणि पिकदाणीत सोडला. मालकाचा चेहरा उतरला.

"खराब निंगाली का जी?"

"नाही नाही, उत्तम आहे. म्हणून तर थुंकली."

मालकाने माझ्याकडे पाहिलं. हिमांशूने त्याला गिऱ्हाईक आणि जाणकार यांच्यातला फरक समजावला. मालकाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवन बी असाच करता का तुमी?"

दहापैकी साडेपाच गुण पडले. पेल्यात उरलेली आणि मालकाने आग्रहाने भरलेली, अशी मिळून बरीच जांभळाची अश्विनच्या पोटात गेली. त्याने गुण दिले नाहीत, पण मालकाला मिठी मारली.

दुसरं ठिकाण इटियाडोह धरणाजवळचं. धरण अर्ध्यावर आलं होतं, कालव्याला उन्हाळी धानासाठी पाणी चाललेलं. बांधाच्या अलीकडे कुणीतरी आमराईत चार तंबू ठोकून सीताफळाची वाइन विकायला सुरुवात केली होती. इथे लुंगी नव्हती. इथे गळ्यात टाय बांधलेला एक व्यवस्थापक होता, आणि त्या उन्हात टायखालून घामाचे ओघळ उतरत होते. तो आणि हिमांशू समोरासमोर आले आणि रंगला सामना. व्यवस्थापक म्हणाला, हिला मधाची झाक आहे. हिमांशू म्हणाला, मध आहे पण रानटी मध. व्यवस्थापकाने व्हॅनिला काढला. हिमांशूने त्यावर भाजलेले बदाम टाकले. दोघंही अधूनमधून खाली बघत होते, तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोघांच्याही हातात मोबाइल आहे आणि दोघंही वाचून दाखवताहेत.

मी गुपचूप एक घोट घेतला. खोकल्याच्या औषधात साखर जास्त झाली तर लागेल तशी लागली.

"काय वाटलं?" हिमांशूने विचारलं.

"बदाम," मी म्हणालो. "पण भिजवलेले."

तो विचारात पडला, पुन्हा एक घोट घेतला, घोळवला, थुंकला आणि म्हणाला, "यार, तुझी जीभ चांगली आहे. तूही तो वर्ग कर." मला इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही. डिंपल सगळ्याचं चित्रण करत होती. अश्विनने इथे चार पेले रिकामे केले आणि एका तंबूला आपला जावई करून घ्या म्हणून विनवलं.

चिचगडच्या रस्त्याला लागलो तेव्हा साडेबारा झाले होते. दोन्ही बाजूंना जंगल, मोह गळून संपत आलेला, खिडकी उघडली की तो गोड, आंबूस वास आत यायचा. आता सांगायला हवं, असं माझ्या मनात आलं. मी सुरुवातही केली.

"हिमांशू, चिचगडला जिथे जातोय ना, तिथे आज एक बैठक आहे. सोयरिकीची."

"वा! म्हणजे लोकल कल्चर पण बघायला मिळेल."

"तिथे दारूची एक रीत असते."

"रीत सगळीकडेच असते, योगराज," तो म्हणाला आणि गाडी चालवता चालवता त्याने एक बोट वर केलं. "आणि ती पारख्याला शिकवावी लागत नाही. तुम्ही मास्तर लोक ना, सगळ्यांना चौथीतलं पोर समजता. मी दारू जिभेने वाचतो. तू पुस्तकातून वाचतोस."

मी विषय तिथेच सोडला. मला राग आला होता, हे खरं. पण रागापेक्षाही एक गोष्ट जास्त खरी होती, ती म्हणजे पुढे काय होतंय ते बघायची हाव. तरी चिचगडच्या अलीकडे मी त्याला एवढं म्हणालो की ती पिकदाणी गाडीतच ठेव, खेड्यात बरं दिसत नाही. त्याने ऐकलं. भांडं नसेल तर तो थुंकणार नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आजवर एवढा लंगडा युक्तिवाद मी एकाही विद्यार्थ्याकडून ऐकून घेतलेला नाही.

सुखरामच्या अंगणापाशी गाडी थांबली. अश्विन मागच्या सीटवर घोरत होता. त्याला कडुलिंबाच्या सावलीत, काचा खाली करून, तसाच ठेवला. सुखराम म्हणजे हर्षाचा बाप, बोलायला कमी आणि कामाला वाघ. तो धावतच पुढे आला.

"या जी गुरुजी, या. ते लोकं येऊन बसले. अना एक लफडा झाला. हर्षाच्या मामाले उनाची लू लागली. आता पाचवा मानूस कोटून आनू? तुमी त मधातले."

मध्यस्थ कुठल्याच बाजूला बसत नाही, हे त्याचं म्हणणं बरोबर होतं. त्याने माझ्या खांद्यावरून हिमांशूकडे पाहिलं. पांढरे कपडे, डोक्यावर टोपी, लांबून आलेला माणूस.

"तुमचे मैतर बसतीन का? दारी आलेला पावना चालते आमच्यात. मानसाले जान हाये ना?"

या क्षणी मी नाही म्हणू शकलो असतो. शेजारच्या घरातून कुणी म्हातारा मिळाला असता. मी म्हणालो, "जाण? दारूची जाण तर याच्याइतकी जिल्ह्यात कुणाला नाही."

हिमांशूने टोपी नीट केली.

अंगण लख्ख सारवलेलं होतं. मधोमध तांदळाच्या पिठाचा चौक, वर हिरव्या पानांचा मांडव. एका बाजूला मुलाकडचे लोक. त्यांच्या पुढे ईश्वरदास, साठीचा, सुकलेल्या लाकडासारखा, मांडीजवळ मातीचं मडकं. त्याच्यामागे दुर्गाप्रसाद घामाघूम बसलेला. आपलं सगळं काही दुसऱ्यांच्या घशातून खाली उतरायचं आहे, हे त्या पोराला कळत होतं. दारात हर्षाची आई रुख्मा उभी होती आणि तिच्या मागे हर्षा. मला बघून हर्षा हसली. "सर आले," ती आईला म्हणाली. आता सगळं ठीक होईल, असा त्या बोलण्याचा सूर होता.

"घरची हाये," ईश्वरदास मडक्यावर हात ठेवून म्हणाला. "म्या सोता काढली. पानी टाकला नाई."

दोने भरले गेले. सुखराम आणि त्याचे तिघे भाऊबंद ओळीत बसले, पाचवा हिमांशू, मांडी घालताना पांढरी पँट जपत. डिंपल मांडवाच्या खांबाशी मोबाइल धरून उभी. मी मधोमध, दोन्हीकडचं नीट दिसेल असा.

सुखरामने दोना कपाळाला लावला, चार थेंब चौकात सोडले आणि दोना एका दमात रिकामा केला. दुसऱ्यानेही तसंच केलं. हिमांशू बारकाईने बघत होता. तिसऱ्याने थेंब सोडले तेव्हा त्याचा चेहरा एकदम उजळला. तो माझ्याकडे झुकला आणि कुजबुजला, "बघ! हे लोकसुद्धा टाकतात. म्हटलं नव्हतं, जाणकार सगळीकडे सारखेच?"

मला सगळं समजलं. त्याला काय समजलं ते समजलं, आणि पुढे तो काय करणार तेही. माझ्याकडे अख्खा एक माणूस पिईपर्यंतचा वेळ होता. चौथ्याने थेंब सोडले, डोळे मिटले, घोट घेतला, दुसरा घेतला, मिशा पुसल्या. एवढ्या वेळात मला 'थुंकू नको' हे दोन शब्द म्हणता आले असते. मी म्हणालो नाही. माझ्या पोटात हसू उकळत होतं आणि मी ते दाबण्यात गुंतलो होतो.

हिमांशूने दोना हातात घेतला. पेला नव्हता म्हणून दोनाच गोल फिरवला. नाक खुपसलं. "फुलं," तो मोठ्याने म्हणाला. "धूर. आणि..." ईश्वरदास थोडा पुढे सरकला. हिमांशूने मोठा घोट घेतला, गाल फुगवले, दातांमधून सूं सूं करत हवा ओढली, इकडे तिकडे पाहिलं. पिकदाणी गाडीत होती. मग इतर चौघांनी जिथे थेंब सोडले होते, नेमक्या त्याच ओल्या जागेवर, पिठाच्या चौकाच्या मधोमध, तो थुंकला.

उरलेलीही त्याने वर ओतली. "शेवट जरा कडक आहे," तो म्हणाला. "दहापैकी सहा."

मांडवाची पानं तेवढी वाजत होती. सुखरामचा हात रिकाम्या दोन्यासकट तसाच वर राहिला होता.

ईश्वरदास उठला. त्याने मडक्याच्या तोंडावर फडकं बांधलं, सावकाश, दोन गाठी मारून. त्याला निमित्तच हवं होतं आणि आम्ही ते गोंदियाहून गार गाडीत बसवून आणून दिलं होतं.

"झाला," तो म्हणाला. "पोरीवाल्याईनं आमची दारू थुकली. अना कोटी थुकली, त पितराईच्या वाट्यावर. चाला रे."

"काकाजी, ऐका त..." दुर्गाप्रसाद म्हणाला.

"म्या म्हटलो होतो, एकच डाव येतो."

आता मात्र माझं हसू विझलं. मी पुढे धावलो, हात जोडले, पाहुणा शहरातला आहे, त्याला कल्पना नव्हती, असं काहीतरी बडबडलो. ईश्वरदास माझ्याकडे बघतही नव्हता. हिमांशू उठून उभा राहिला होता. पुन्हा पुन्हा विचारत होता, "काय झालं? सहा कमी झाले का? सात देतो." त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी घाबरगुंडी होती.

मुलाकडचे लोक चपला घालायला लागले. तेवढ्यात हर्षा दारातून बाहेर आली. तिने खाली पडलेल्या पानांतून एक कोरा दोना उचलला आणि सरळ ईश्वरदाससमोर धरला.

"भरा जी."

"कायले?"

"पाच जनातला एक कमी पडला ना? पाचवी मी बसतो."

"पोरगी बसत नाई बैठकीत," ईश्वरदास म्हणाला.

"काऊन नाई?" दारातून रुख्मा बोलली. "दारी आलेला पावना चालते, ज्याले नाव गाव मालूम नाई तो चालते. अना जिले तुमच्या घरी जनमभर राहाचा हाये, ते चालत नाई? कोनं सांगला असा?"

रीत कुठे लिहिलेली नव्हती आणि सांगणारे सगळे पितर होते. त्याने मागे पाहिलं. दुर्गाप्रसाद चपला काढून पुन्हा खाली बसला होता. त्याच्या शेजारचे दोघेही बसले.

काकाने फडक्याच्या गाठी सोडल्या. दोना भरला, अगदी काठोकाठ, जरा जास्तच. हर्षाने तो कपाळाला लावला. ती चौकाजवळ गेली, पण थुंकलेल्या जागेपासून हातभर लांब, कोरड्या जमिनीवर चार थेंब सोडले. मग दोना तोंडाला लावला. पाणी न टाकलेली पहिल्या धारेची ती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, गळ्याची शीर ताठ झाली, पण दोना खाली आला तो रिकामा.

ती ईश्वरदाससमोर उभी राहिली आणि तोंड आ वासून उघडलं. जीभ वर करून दाखवली, खाली करून दाखवली. क्षयाच्या पेशंटने समोर गोळी गिळली की नाही हे ती उपकेंद्रात रोज असंच तपासते. आज ती स्वतःच पेशंट झाली होती.

"पाहून घ्या," ती म्हणाली. "गिरली का नाई?"

म्हातारा वाकून खरंच बघायला लागला. मग त्याच्या लक्षात आलं आपण काय करतोय ते, आणि तो मागे झाला. त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

"गिरली," तो म्हणाला. "बस वो बाई. बस." आणि दुर्गाप्रसादकडे वळून, "हे तुले गोळ्या चारून चारून मारन." पोरगा रडत होता की हसत होता ते सांगता येत नाही.

सोयरीक पक्की झाली. बायका गूळ वाटायला लागल्या. पण चौक तसाच होता, मधोमध ओला डाग. ईश्वरदास त्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ज्यानं थुकला त्यानंच सारवाचा. मंग जेवन."

रुख्माने शेणकाल्याची बादली आणून हिमांशूपुढे ठेवली. मला वाटलं, आता हा भांडणार, नाही तर पळणार. हिमांशूने टोपी काढून खांबाला अडकवली. पांढरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, गुडघे टेकले आणि बादलीत दोन्ही हात घातले. डिंपलच्या हातात मोबाइल होता. दिवसभर ती प्रत्येक घोटाचं चित्रण करत होती. आता तिने तो पर्समध्ये टाकला आणि चेन लावली.

हिमांशूला सारवता येत नव्हतं. शेण एका जागी ढीग होत होतं. मी बघत उभा होतो. रुख्मा माझ्याजवळ आली. नऊ वर्षं या बाईने मला सणासुदीला घरी जेवायला घातलंय.

"त्याले मालूम नव्हता, गुरुजी," ती हळूच म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "तुमाले त मालूम होता. म्या दारातून पाहून राहिलो होतो. त्यानं दोना उचलला तवा तुमी त्याच्याकडं नाई पायले. तुमी हासू दाबून राहिले होते."

मला कानशिलात बसल्यासारखं झालं. मी चपला काढल्या, बाह्या सरसावल्या आणि हिमांशूच्या शेजारी गुडघे टेकले. चिचगडच्या शाळेत पोरांना श्रमदानाचं महत्त्व मीच शिकवलेलं, पण हात शेणात घालायची वेळ कधी आली नव्हती. दोघांनी मिळून कसाबसा चौक सारवला. रुख्माने त्यावर पुन्हा पिठाची रेघ ओढली.

हर्षा पाण्याचा लोटा घेऊन आली. तिने हिमांशूच्या हातांवर पाणी घातलं, नखांतलं निघेपर्यंत घातलं, पुसायला पंचा दिला. "चुकून झाला जी, मनात ठेवू नका," ती त्याला म्हणाली. मी हात पुढे केले. तिने माझ्याकडे पाहिलं.

"सर, मांगं हापशी हाये," ती म्हणाली आणि लोटा घेऊन आत गेली.

मी मागे गेलो. हापशीवर एकट्याला हात धुता येत नाहीत. दांडा मारला तर हात धारेखाली नसतात, हात धरले तर धार नसते. शेणाचे हात घेऊन मी तिथे उभा राहिलो. समोरून घरच्या बायका पाण्याच्या कळश्या घेऊन गेल्या. एरवी 'गुरुजी, गुरुजी' म्हणून थांबणाऱ्या, त्या थांबल्या नाहीत.

थोड्या वेळाने हिमांशू आला. टोपी खांबालाच राहिली होती. तो दांड्यापाशी गेला आणि मारायला लागला.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

पाणी आलं. मी हात चोळू लागलो. शेण निघालं तरी चोळत राहिलो, आणि हिमांशू मान खाली घालून दांडा मारत राहिला.